खजिन्याचं जहाज नेमकं कोणाचं? आरमारी न्यायालयांचे जुने खटले वाचायची पद्धत

जहाज पकडलं की त्यावरचा माल पकडणाऱ्याचा झाला, असा आपला समज असतो. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या युरोपीय दर्यावर्दी राज्यांत निदान कागदोपत्री तरी तसं नव्हतं. पकडलेलं जहाज बंदरात आणायचं, त्यावरचे कागद न्यायालयात जमा करायचे, मालकांसाठी नोटीस काढायची आणि न्यायाधीशाने ही लूट कायदेशीर ठरवल्यावरच गाठोडी सोडायची. अशा निकालाने हाती आलेल्या जहाजाला आणि मालाला ‘प्राइझ’ म्हणत, आणि असे दावे चालवणारं ते प्राइझ कोर्ट. निकाल बाजूने लागला तर कप्तान श्रीमंत होई. त्याने निकाल मागितलाच नाही, तर तोच कप्तान चाचा ठरून फासावरही जाऊ शके.

मराठीत अशा जहाजांवर जे लिहिलं जातं त्यात तोफा फार आणि कागद कमी, ही माझी जुनी तक्रार आहे. लढाई एका दिवसात संपते. मालकीचा झगडा वर्षानुवर्षं चालतो आणि तो सगळा कागदांवर असतो. हा लेख ते कागद कसे वाचायचे याबद्दल आहे. कोकणच्या सागरी इतिहासावर काम करणाऱ्यांना, कायद्याच्या विद्यार्थ्यांना किंवा नुसत्या हौसेने जुन्या जहाजांच्या मागे लागलेल्यांना तो कामी यावा. वाचताना एक प्रश्न सतत सोबत ठेवा: या खटल्यात कोणाची बाजू मांडलीच गेली नाही? बहुतेक वेळा त्याच माणसाचा माल गेलेला असतो.

सरावासाठी मुख्यतः दोन जहाजं घेतो. एक ‘सांता कातारिना’, मकाऊहून मलाक्काकडे निघालेलं पोर्तुगीज जहाज, १६०३ मध्ये डचांनी पकडलेलं. दुसरं ‘क्वेडा मर्चंट’, बंगालहून सुरतेला येणारं, १६९८ मध्ये इंग्लंडची सनद घेऊन निघालेल्या विल्यम किड या कप्तानाने मलबार किनाऱ्याजवळ धरलेलं. पहिल्याचा रीतसर दावा चालला. दुसऱ्याचा कधीच चालला नाही, आणि किडच्या गळ्याशी आलं ते त्यामुळेच.

पायरी १: न्यायालय कोणतं, ते आधी ठरवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ‘आरमारी न्यायालय’ या एका नावाखाली तीन वेगळ्या प्रकारची कामं चालत. पहिला प्रकार प्राइझचा: दोन राज्यांत युद्ध आहे, शत्रूचा माल पकडला आहे, तो आता कोणाचा? दुसरा चाचेगिरीचा, म्हणजे सरळ फौजदारी. तिसरा रोजच्या दर्यावर्दी भांडणांचा: खलाशांचे थकलेले पगार, टक्कर, बुडत्या जहाजाला वाचवल्याचा मोबदला, जहाजावर काढलेलं कर्ज.

इंग्लंडमध्ये प्राइझचे आणि रोजचे दावे हायकोर्ट ऑफ ॲडमिरल्टीत जात. तिथले वकील-न्यायाधीश रोमन कायद्यात शिकलेले, लंडनच्या ‘डॉक्टर्स कॉमन्स’ मंडळातले. तिथे ज्यूरी नसे, सगळा भर लेखी जबान्यांवर. चाचेगिरीचं मात्र निराळं होतं. १५३६ च्या कायद्यापासून तो खटला खास नेमलेल्या आयोगापुढे, ज्यूरीसमोर चाले. औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ १६९५ मध्ये हेन्री एव्हरीने लुटलं, तेव्हा पकडल्या गेलेल्या त्याच्या साथीदारांवर पुढच्या वर्षी लंडनच्या ओल्ड बेलीत असाच खटला भरला. पहिल्या ज्यूरीने त्यांना चक्क सोडून दिलं. मुघल दरबाराला तोंड दाखवायचं होतं, म्हणून त्याच माणसांवर मूळ जहाज बंड करून पळवल्याचा दुसरा आरोप ठेवून शिक्षा करवली. हा खटला प्राइझचा नव्हे. ‘गंज-ए-सवाई’चा माल कोणाचा, हा प्रश्न तिथे निकालासाठी नव्हताच.

डचांकडे पाच ॲडमिरल्टी मंडळं होती: ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम, झीलँड, उत्तर हॉलंड आणि फ्रीसलँड. हीच मंडळं आरमार बांधत, जकात गोळा करत आणि प्राइझचे निवाडेही देत. पकडलेल्या मालातला वाटाही त्यांच्या तिजोरीत जाई. न्याय करणाऱ्याचाच हिस्सा, हे लक्षात ठेवून मग निकाल वाचा.

युद्ध जाहीर झालं होतं का, हेही याच पायरीवर तपासून घ्या. ५ ऑक्टोबर १८०४ रोजी पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यापुढे ग्रॅहम मूरच्या इंग्रज तुकडीने दक्षिण अमेरिकेतून चांदी घेऊन येणाऱ्या चार स्पॅनिश युद्धनौका अडवल्या. ‘मर्सेडेस’ स्फोटात फुटली, बाकी तीन हाती लागल्या. पण इंग्लंड-स्पेन युद्ध अजून जाहीर व्हायचं होतं. त्यामुळे ती रक्कम पकडणाऱ्यांची प्राइझ न ठरता राजाच्या हक्काची ठरली, आणि खलाशी पाहत राहिले. याच ‘मर्सेडेस’ची सुमारे सहा लाख नाणी २००७ मध्ये एका अमेरिकी कंपनीने समुद्रतळातून काढली आणि अमेरिकी न्यायालयांच्या निकालाने २०१२ मध्ये ती स्पेनला परत गेली. युद्धनौका बुडाली तरी ती राज्याचीच, हा मुद्दा तिथे निर्णायक ठरला.

पायरी २: तारीख आणि जागा पक्की करा

हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. हॉलंड प्रांत आणि पोर्तुगाल १५८२-८३ पासूनच नवं ग्रेगोरियन पंचांग वापरत होते. इंग्लंड १७५२ पर्यंत जुनंच धरून बसलं होतं. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचा फरक पडतो, १७०० नंतर अकराचा. शिवाय इंग्लंडचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. किडने ‘क्वेडा मर्चंट’ धरलं ३० जानेवारी १६९८ ला, पण इंग्रजी कागदात ते वर्ष १६९७ दिसेल, किंवा आरोपपत्रात विल्यम तिसऱ्याच्या कारकिर्दीचं नववं वर्ष म्हणून येईल. मराठी पत्र जोडीला असेल तर सुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतली वर्षगणना) आणि तिथी. तिथे जंत्री काढून बसावंच लागतं. प्रत्येक तारखेपुढे ‘जुनी’ की ‘नवी’ हे तिथल्या तिथे लिहून ठेवा.

जागाही तितकीच महत्त्वाची. ‘सांता कातारिना’ २५ फेब्रुवारी १६०३ च्या पहाटे सिंगापूरच्या पूर्व किनाऱ्यालगत, जोहोर नदीच्या मुखाशी नांगरलेलं सापडलं. हे पाणी जोहोरच्या सुलतानाचं. त्याचं मलाक्काच्या पोर्तुगिजांशी वैर होतं आणि डचांना त्याची मदत होती. पुढे डचांच्या समर्थनात या दोस्तीचा मुद्दाही पुढे आला. जहाज कोणाच्या पाण्यात पकडलं, हे नकाशावर खूण करून ठेवल्याशिवाय पुढचे युक्तिवाद नीट लागत नाहीत.

पायरी ३: सनद शब्दशः वाचा

प्रत्येक पकडीमागे एखादी सनद असते, किंवा ती असल्याचा दावा असतो. सनदेत काय पाहायचं? ती कोणी दिली, कधी दिली, कोणाविरुद्ध वापरायची होती आणि पकडलेल्या जहाजाचं काय करायचं होतं. चारही गोष्टी एका कागदावर उतरवा आणि शेजारी प्रत्यक्षात काय घडलं ते लिहा. जिथे दोन रकाने जुळत नाहीत, तिथेच खटल्याचं मर्म असतं.

‘सांता कातारिना’ पकडणारा याकोब फान हेमस्केर्क १६०१ मध्ये निघाला तेव्हा डच ईस्ट इंडिया कंपनी जन्मलीच नव्हती. तो ॲमस्टरडॅमच्या एका आधीच्या कंपनीच्या ताफ्याचा अधिकारी होता. १६०२ च्या मार्चमध्ये सगळ्या कंपन्या एकत्र होऊन मोठी कंपनी झाली आणि त्याने केलेल्या पराक्रमाचं ओझं तिच्या गळ्यात आलं. त्याला डचांचा सेनापती प्रिन्स मॉरिस याची सनद होती, पण ती हल्ला करायला मोकळीक देणारी नव्हती. कोणी अडवलं तर बचाव करावा आणि नुकसान झालं तर भरपाई मिळवावी, एवढीच तिची धाव. पहाटे नांगर टाकून उभ्या असलेल्या व्यापारी जहाजावर चाल करून जाणं यात बसतं का?

डचांचं उत्तर असं: १६०१ मध्ये मकाऊला पोर्तुगिजांनी फान नेक या डच दर्यावर्दीच्या ताफ्यातली माणसं पकडली आणि त्यांतल्या सतरा जणांना मारून टाकलं. हेमस्केर्कला ही बातमी पूर्वेत असतानाच कळली होती. म्हणजे नुकसान आधी झालं होतं आणि ही त्याची भरपाई. जोडीला डच राज्यमंडळाचा २ एप्रिल १५९९ चा जाहीरनामाही होता, ज्याने स्पेन आणि पोर्तुगालच्या राजाच्या प्रजेचा माल पकडण्यायोग्य ठरवला होता. १५८० पासून दोन्ही मुकुट एकाच डोक्यावर होते, म्हणून स्पेनशी चाललेल्या डचांच्या युद्धात पोर्तुगीज व्यापारीही आपोआप शत्रू ठरले. माझ्या मते सनदेचा अर्थ इथे रबरासारखा ताणलेला आहे. पण कसा ताणला हे दाखवायचं असेल, तर आधी तिची मूळ लांबी मोजलेली हवी.

किडकडे दोन सनदा होत्या. एक फ्रेंचांची जहाजं पकडायची, दुसरी, १६९६ ची मोठ्या राजमुद्रेची, चाच्यांना पकडायची. पकडलेलं जहाज न्यायालयापुढे आणण्याचं बंधन तिच्यात होतं. मुघल प्रजेच्या, आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या किंवा इंग्रज कप्तानाच्या जहाजाला हात लावायची परवानगी त्यात नव्हती.

पायरी ४: जहाजावरचे कागद, खरे आणि सोयीचे

आता जहाजात शिरा. पासपोर्ट, मालाच्या बिल्ट्या, खलाशांची यादी, व्यापाऱ्यांची खासगी पत्रं. सगळ्यात कामाचा कागद म्हणजे संचाराचा परवाना. पोर्तुगीज हिंदी महासागरात ‘कार्ताझ’ देत आणि तो नसलेलं जहाज धरत. पुढे कान्होजी आंग्र्यांनी कोकण किनाऱ्यावर दस्तक घ्यायला लावलं, तेव्हा इंग्रजांनी ते नाकारून त्यांना चाचा म्हटलं. कागद तोच, फक्त कोणी मागितला त्यावर नाव ठरे.

व्यापारी काही भोळे नव्हते. एका जहाजावर दोन-तीन देशांचे परवाने असत आणि समोरून येणाऱ्या निशाणाकडे बघून त्यातला योग्य तो पुढे केला जाई. किडला हे ठाऊक होतं. त्याने ‘क्वेडा मर्चंट’चा पाठलाग फ्रेंच निशाण लावून केला. किडच्याच सांगण्यानुसार जहाजावरून एक फ्रेंच माणूस कप्तान म्हणून आला आणि त्याने फ्रेंच परवाना दाखवला. परवाना फ्रेंच, म्हणजे जहाज फ्रेंच, म्हणजे ते पकडायची सनद आपल्याकडे आहे, असा त्याचा हिशेब. मग कळलं की खरा कप्तान जॉन राइट नावाचा इंग्रज, पूर्वी सुरतेत खाणावळ-गुत्ता चालवणारा. जहाजावर आर्मेनियन व्यापारी होते, आणि मालात औरंगजेबाच्या दरबारातल्या मुखलिस खानाचाही हिस्सा होता. व्यापाऱ्यांनी जहाज सोडवायला वीस हजार रुपये देऊ केले, किडने ते घेतले नाहीत. मलमल, छिटं, रेशीम, साखर, अफू, सोरा असा माल होता. त्यातला बराचसा त्याने मलबार किनाऱ्यावरच विकून टाकला.

इथे थांबून विचार करा. परवाना फ्रेंच होता हे खरंच होतं. किडने जहाज आणि परवाने घेऊन तडक प्राइझ कोर्ट गाठलं असतं, तर दावा लढवण्याजोगा होता. त्याने माल विकला आणि वाटून टाकला, तिथे तो फसला. नंतर त्याने ते परवाने आपला पाठीराखा लॉर्ड बेलोमाँट याच्या हाती दिले, तिथून ते लंडनला गेले आणि मे १७०१ च्या खटल्यात ते पुढे आलेच नाहीत. किड ते मागत राहिला. स्वतःच्याच जहाजावरचा तोफची विल्यम मूर याचा खून आणि चाचेगिरी या दोन्ही आरोपांखाली त्याला २३ मे १७०१ रोजी वॉपिंगला फाशी झाली. परवाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारी दप्तरातच सापडले.

गोव्याच्या आणि कारवारच्या वाचकांसाठी जाता जाता: किडने १६९७ च्या पावसाळ्याअखेर कारवारला पाणी-लाकूड भरलं. तिथे त्याची काही माणसं पळून गेली, त्यांनी इंग्रज वखारीत त्याच्याबद्दल सांगितलं आणि तो चाचा असल्याची कुणकुण लागली. त्यानंतर गोव्याहून आलेल्या दोन पोर्तुगीज युद्धनौकांशी त्याची चकमक झाली. म्हणजे त्याच्याविरुद्धचे पहिले कागद आपल्याच किनाऱ्यावर तयार झाले.

पायरी ५: मालाची यादी, आणि यादीपर्यंत न पोचलेला माल

निकालापूर्वी तळघर फोडून माल काढायला सक्त मनाई असे. तरी तो फुटेच. १५९२ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांनी अझोर्स बेटांजवळ भारतातून परतणारं प्रचंड पोर्तुगीज जहाज ‘माद्रे दे देउस’ पकडलं आणि सप्टेंबरात डार्टमथला आणलं. बंदरात येईपर्यंत आणि आल्यावरही खलाशांनी, दुकानदारांनी, कोण कुठल्या माणसांनी हात मारला. राणी एलिझाबेथने आपला मंत्री रॉबर्ट सेसिल याला धाडलं. त्याने घरी कळवलं की एक्झेटरच्या वाटेवर गाठोडं किंवा पिशवी घेऊन भेटेल त्या माणसाच्या अंगाला कस्तुरी-अंबराचा वास येतोय. डेव्हनमधली आपली माणसं आवरायला खुद्द वॉल्टर रॅलीला कैदेतून सोडून पाठवावं लागलं. पाच लाख पौंडांच्या मालाच्या वार्ता होत्या, हिशेबात आला तो सुमारे एक लाख चाळीस हजारांचा.

म्हणून सरकारी यादी म्हणजे उरलेला माल, असं धरून चाला. शक्य असेल तर ती मूळ बंदरातल्या बिल्ट्यांशी ताडून पाहा.

‘सांता कातारिना’वर हेमस्केर्कने काळजी घेतली होती. त्याने गोळे शिडांवर मारायला लावले, पोटावर नाही, कारण आत काय आहे ते त्याला माहीत होतं. कच्च्या रेशमाचे बाराशेहून जास्त गठ्ठे, चिनी मातीच्या भांड्यांची रास, साखर, कापूर, कस्तुरी. जहाजावर सातशेहून अधिक माणसं होती, त्यात बायकामुलंही. दिवसभराच्या माऱ्यानंतर जिवाच्या हमीवर ती शरण आली आणि त्यांना मलाक्काला जाऊ दिलं. ॲमस्टरडॅमच्या लिलावात तीस लाखांवर गिल्डर आले.

ही रक्कम आजच्या रुपयांत सांगायचा मोह होतो. तो आकडा वाचायला छान, पण त्याला अर्थ नसतो. त्याच काळातलं एखादं माप शेजारी ठेवा. नव्या डच कंपनीचं सुरुवातीचं सगळं भांडवल सुमारे चौसष्ट लाख गिल्डर होतं. एका जहाजाने त्याच्या जवळपास निम्मं दिलं. एवढं सांगितलं की पुरे.

पायरी ६: जबान्या वाचताना प्रश्नपत्रिका जवळ ठेवा

इंग्लंडमध्ये पकडलेल्या जहाजाचा कप्तान, सुकाणूवाला आणि एक-दोन खलाशी यांना ठरावीक छापील प्रश्न विचारत. जन्म कुठे, बायकापोरं कुठे राहतात, जहाज कोणाचं, निशाण कोणतं, पकडताना काही कागद पाण्यात टाकले का. जबानीच्या कागदावर मात्र बहुधा फक्त उत्तरं असतात: ‘पहिल्या प्रश्नाला सांगतो की…’, ‘सातव्याला सांगतो की…’ नवखा वाचक इथे चक्रावतो. त्या त्या युद्धाची प्रश्नावली आधी मिळवा आणि शेजारी ठेवूनच वाचा.

कागद समुद्रात फेकल्याचं कबूल झालं की मालकाची बाजू लंगडी पडे. नुसतं ‘माहीत नाही’ हे उत्तरही बोलकं असतं. कुठल्या प्रश्नांना सगळे साक्षीदार एकजात ‘माहीत नाही’ म्हणतात ते टिपून ठेवा. बहुतेकदा ते प्रश्न मालकीचे असतात आणि उत्तरं आधीच ठरवून आलेली असतात. शिवाय साक्षीदार परभाषी असेल तर मधे दुभाषा आहे. कागदावरचे शब्द साक्षीदाराचे नसून दुभाष्याचे आणि कारकुनाचे आहेत, हे विसरू नका. लस्कर (म्हणजे आशियाई खलाशी), गुलाम, आशियाई व्यापारी यांच्या जबान्या क्वचितच घेतल्या जात. जहाजाच्या यादीत ते असतात आणि जबान्यांत नसतात.

पायरी ७: नोटीस, गैरहजेरी आणि निकाल

आता गाभ्याकडे. हक्क सांगणाऱ्यांनी यावं म्हणून जाहीर नोटीस निघे. लंडनमध्ये ती रॉयल एक्स्चेंजवर, व्यापाऱ्यांच्या वर्दळीत लावत. मुदतीत कोणी आलं नाही तर दावा एकतर्फी.

‘सांता कातारिना’चा निकाल ॲमस्टरडॅमच्या ॲडमिरल्टी न्यायालयाने ९ सप्टेंबर १६०४ रोजी दिला. दावेदार एका बाजूला: सरकारी वकील, हेमस्केर्क आणि कंपनीचे संचालक. दुसऱ्या बाजूला ‘जहाजावर हक्क सांगणारे जे कोणी असतील ते’. कोणी आलं नाही. मकाऊचा व्यापारी शत्रुराष्ट्राच्या बंदरात, अर्ध्या पृथ्वीपलीकडे, काही आठवड्यांच्या नोटिशीवर हजर होणार कसा? न्यायालयाने माल आणि जहाज प्राइझ ठरवलं. आधार तीन: निसर्गाचा कायदा, प्रिन्स मॉरिसची सनद आणि १५९९ चा जाहीरनामा. तीन आधार एकत्र दिसले की मला शंका येते. एकच पुरेसा असता तर बाकी दोन लागले नसते.

कंपनीलाही ही अडचण जाणवली असावी, कारण निकाल लागल्यावर तिने एकवीस वर्षांच्या ह्यूगो ग्रोशियस या वकिलाला समर्थन लिहायला बसवलं. कागदपत्रंही तिनेच पुरवली, मलाक्काच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी लढाईनंतर हेमस्केर्कला लिहिलेल्या पत्रांसकट. ग्रोशियसने सनदेच्या अरुंद पायावर इमारत न उभारता वेगळी वाट धरली. जिथे दाद मागायला न्यायालयच नाही, तिथे खासगी माणूस किंवा कंपनीसुद्धा न्याय्य युद्ध करू शकते, आणि समुद्र कोणाच्याच मालकीचा नसल्याने पोर्तुगिजांना इतरांचा व्यापार अडवायचा हक्क नाही. सगळा ग्रंथ तेव्हा छापला गेला नाही. त्यातलं एक प्रकरण १६०९ मध्ये ‘मारे लिबेरुम’ (मुक्त समुद्र) म्हणून निघालं. पूर्ण हस्तलिखित १८६४ मध्ये हेगच्या एका लिलावात वर आलं, तोवर लोकांना त्या पुस्तकामागे जहाजाचा खटला आहे हे ठाऊकच नव्हतं. पोर्तुगिजांच्या बाजूने सेराफिम दे फ्रेतास याचं उत्तर १६२५ मध्ये आलं, म्हणजे निकालानंतर एकवीस वर्षांनी. गैरहजर पक्षकाराचं म्हणणं ऐकायचं असेल तर ते असं दुसरीकडे, उशिरा आणि दुसऱ्याच भाषेत शोधावं लागतं.

मुंबईचंही इथे एक छोटं प्रकरण आहे. १६८३ च्या सनदेने इंग्रज कंपनीला पूर्वेत अशी न्यायालयं नेमायचा अधिकार मिळाला आणि रोमन कायद्याचे डॉक्टर जॉन सेंट जॉन मुंबईच्या न्यायालयासाठी आले. कंपनीला मुख्यतः आपला मक्ता मोडणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्यांची जहाजं धरायची होती. सेंट जॉन यांचे आणि कंपनीचे इथले प्रमुख सर जॉन चाइल्ड यांचे लवकरच खटके उडाले. स्वतंत्र बाण्याचा न्यायाधीश कंपनीला फार दिवस परवडणारा नव्हता.

आंग्र्यांकडे असं न्यायालय नव्हतं. तिथे पकड झाली की पत्रं, वकील आणि खंडणी. १७१२ मध्ये कारवारहून मुंबईला येणारी गव्हर्नरची नौका कान्होजींच्या आरमाराने पकडली. त्यात कारवारचा वखारदार चाउन मारला गेला आणि त्याची बायको कैदेत पडली. तिच्या सुटकेसाठी तीस हजार रुपये मोजले गेले. असं प्रकरण वाचताना निकालपत्र शोधू नका, तह आणि पत्रव्यवहार शोधा.

पायरी ८: वाटणीचा हिशेब

ही पायरी लोक गाळतात, पण खलाशी बोलताना ऐकू येतात ते इथेच. १७०८ च्या कायद्यानंतर इंग्रज आरमारात पकडीची रक्कम आठ भागांत वाटत. तीन भाग कप्तानाचे, त्यातला एक वरच्या ॲडमिरलला. बाकी हाताखालच्या अधिकाऱ्यांत, आणि शेकडो खलाशांच्या वाट्याला मिळून दोन भाग. पैसे एजंटामार्फत येत आणि अपील लागलं तर वर्षं जात. खलाशी तोवर आपला हिस्सा कवडीमोलाने विकून मोकळा झालेला असे.

विजयदुर्गचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांचा हा किल्ला घेतला, आणि मोहिमेत पेशव्यांची फौजही होती. लुटीची वाटणी इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबईहून निघण्याआधीच ठरवून टाकली होती, आणि त्यात पेशव्यांचं नाव नव्हतं. हाती आलेली रक्कम साधारण दहा लाख रुपयांची. क्लाइव्हला किती मिळावं यावर आरमार आणि फौज भांडले. वॉटसनने स्वतःच्या हिश्श्यातून फरक भरून द्यायची तयारी दाखवली, क्लाइव्हने नाकारली. दोस्ताचं काय, हा प्रश्न त्या बैठकीत कोणी काढल्याचं दिसत नाही. वाटणीचा तक्ता हाती आला की आधी तोच बघा.

पायरी ९: कागद कुठे मिळतील

लंडनजवळच्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आरमारी न्यायालयाचं दप्तर आहे. त्याचे क्रमांक ‘एचसीए’ने सुरू होतात. जहाजांवरून जप्त केलेले कागद बहुतांश एचसीए ३० आणि ३२ मध्ये, जबान्या एचसीए १३ मध्ये, दाव्यांचे अर्ज एचसीए २४ मध्ये. १६५२ ते १८१५ मधल्या सुमारे ३५ हजार पकडींचे कागद तिथे आहेत आणि कधीच पोचती न झालेली एक लाख साठ हजारांवर पत्रं. जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग विद्यापीठाचा प्रकल्प ती टप्प्याटप्प्याने इंटरनेटवर मोफत आणतोय, तिथूनच सुरुवात करा. या गठ्ठ्यांत किल्ल्या, काचेचे मणी, बियाणंही निघालंय. १८०३ मध्ये पकडलेल्या ‘हेन्रिएट’ जहाजावरच्या यान टेयरलिंक या डच व्यापाऱ्याच्या पाकिटात बत्तीस प्रकारचं बी होतं. दोनशे वर्षांनी त्यातले तीन प्रकार रुजले.

१७३३ पर्यंत निकालपत्रं लॅटिनमध्ये असत. ती साचेबंद असतात, एक नीट लावली की पुढच्या शंभर वाचता येतात. जबान्या इंग्रजीत, पण अक्षर वळणदार आणि दमवणारं. मोडी येणाऱ्याला त्याची फारशी धास्ती वाटू नये.

डच कागदांसाठी हेगचं राष्ट्रीय दप्तर. मात्र ॲडमिरल्टी मंडळांच्या कागदांचा मोठा भाग १८४४ च्या आगीत गेला. त्यामुळे कंपनीचं दप्तर आणि खासगी नकला यांवर भिस्त ठेवावी लागते.

पोर्तुगीज बाजू पणजीत मिळते. मलाक्का गोव्याच्या व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होतं. लिस्बन-गोवा पत्रव्यवहाराची ‘मोन्सून’ पुस्तकं गोव्याच्या पुराभिलेख खात्यात आहेत. ‘सांता कातारिना’साठी आइरेस दे साल्दान्या व्हाइसरॉय असतानाची, म्हणजे १६०० ते १६०५ ची वर्षं बघा. आंग्रे आणि कंपनीच्या मुंबईसाठी एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं महाराष्ट्र राज्याचं पुराभिलेखागार, आणि पेशव्यांच्या बाजूसाठी पुण्याचं पेशवे दप्तर. विनंती अर्जात जहाजाचं नाव चार-पाच प्रकारे लिहून द्या. ‘क्वेडा’ हे एकाच कारकुनाने दोन पानांत तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडू शकतं, आणि सूचीत त्यातलं एखादंच असतं.